नवतप्यात टिकेल तो ओव्हरक्लॉक

अकोल्याच्या जुन्या शहरात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग, फ्लेक्सचं डिझाइन, थ्रीडी नकाशे असली कामं करणाऱ्यांना संगणकाचा वेग हा थेट धंद्याचा विषय आहे. लग्नसराईत चार तासांचा व्हिडिओ साडेतीन तासांत निघाला, तर तेवढंच एक गिऱ्हाईक जास्त. म्हणून प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणारे, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा तो पुढे रेटणारे, इथेही भेटतात. हिवाळ्यात सगळं ठीक चालतं. ‘टेस्ट रात्रभर चालवली, पास झाली’ असं ते छातीठोकपणे सांगतातही. मग एप्रिल उजाडतो आणि मशीन ऐन कामात लटकायला लागतं.

चाचणीत खोट नव्हती. ती ज्या हवेत घेतली, ती हवा बदलली.

वेग वाढवायचा म्हणजे काय करायचं

प्रोसेसर ठोक्यावर चालतो. पाच गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके. प्रत्येक ठोक्याच्या आत विजेचे संकेत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचून स्थिरावले पाहिजेत. ठोके वाढवले की प्रत्येकाला मिळणारा वेळ कमी होतो आणि एखादा संकेत पोहोचण्याआधीच पुढचा ठोका पडतो. तिथे चूक होते. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे व्होल्टेज वाढवणं. जास्त व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर लवकर पालटतात आणि संकेत वेळेत पोहोचतात.

त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते. प्रोसेसर खाईल ती वीज वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के आणि व्होल्टेज दहा टक्के चढवलं, तर वीज सुमारे तेहेतीस टक्क्यांनी चढते. काम मात्र फार तर दहा टक्के जास्त होतं. हा व्यवहार पुण्यातल्या वातानुकूलित खोलीत एक वेळ परवडेल, अकोल्यातल्या टिनाखालच्या खोलीत परवडेलच असं नाही.

पूर्वी तो स्वस्तात पडायचा. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बसच्या वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो, तो त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद होता, पण मदरबोर्डवरचा बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा आणि अनेकांकडे तो तसाच वर्षानुवर्षं पळाला. आता कंपन्यांनी तो मधला फायदा स्वतःच काढून घेतलाय. आजचा प्रोसेसर कारखान्यातूनच जवळपास काठावर आणून ठेवलेला असतो, आणि थंडावा व वीज पाहून क्षणाक्षणाला आपला वेग स्वतः वरखाली करतो. हाताने रेटायला उरलेली जागा थोडी आहे. जागा थोडी म्हणून चाचणी कडक हवी.

चूक तीन तऱ्हेने बाहेर पडते

पहिली तऱ्हा सर्वांना ठाऊक: निळी स्क्रीन, नाहीतर माउससकट सगळं गोठणं. दुसरीत मशीन चालू राहतं, पण एखादं सॉफ्टवेअर अचानक बंद पडतं. लोक मग सॉफ्टवेअरला शिव्या घालतात, ते पुन्हा टाकतात, विंडोजही पुन्हा टाकतात. तिसरी तऱ्हा मला सगळ्यात वाईट वाटते. काहीच बंद पडत नाही, फक्त उत्तर चुकतं.

असं खरंच होतं याचा गाजलेला दाखला फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये मांडला, आणि तोही ओव्हरक्लॉक न केलेल्या सर्व्हरचा. दाबून साठवलेल्या फाइली उलगडताना काही फाइली गायब होत होत्या. शोध घेत गेल्यावर एका प्रोसेसरचा एकच कोर सापडला. १.१ चा ५३ वा घात काढून त्यातला पूर्णांक घ्या म्हटलं, तर १५६ यायला हवेत. तो कोर शून्य सांगत होता. फाइलचा आकार शून्य, म्हणजे फाइलच नाही. बाकीची बहुतेक गणितं मात्र तो बिनचूक करत होता.

मिक्सिंगवाल्याच्या व्हिडिओत एखाद्या चौकटीत हिरवा डाग आला, तर तो पुन्हा काढता येईल. पण व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या, दवाखान्याच्या नोंदींच्या किंवा शाळेच्या निकालाच्या संगणकावर ओव्हरक्लॉकिंग करूच नये. तिथे दहा टक्के वेगाचा उपयोग कोणालाच नाही.

चाचणी नेमकं करते काय

प्राइम९५ हे नाव या क्षेत्रात सगळ्यांच्या तोंडी असतं. ते तपासणीसाठी बनलेलंच नव्हतं. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी जगभरातल्या हौशी लोकांचे संगणक जोडायला सुरुवात केली, ते हे सॉफ्टवेअर. एकेका संख्येची परीक्षा दिवसेंदिवस चालते. मध्येच एक बिट जरी पालटला तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून काम देण्याआधी मशीन भरवशाचं आहे ना, हे पाहण्याची सोय त्यात घातली. पुढे ओव्हरक्लॉक करणाऱ्यांनी तीच उचलली.

तिची युक्ती सरळ आहे. ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक आहेत अशी प्रचंड मोठी गणितं सगळ्या कोरना देत राहायची आणि उत्तर ताडून पाहायचं. शिवाय गुणाकार ज्या पद्धतीने होतात, तिच्यात पूर्णांकच यायला हवा तिथे त्याच्या अगदी जवळचा अपूर्णांक हाती येतो. तो पूर्णांकापासून किती लांब आहे यावर नजर असते. अंतर ०.४ च्या पुढे गेलं की हिशेब विश्वासार्ह राहत नाही आणि तो कोर तिथेच थांबवला जातो. पडद्यावर काही भयंकर दिसत नाही. आठ कोरच्या आठ ओळींतल्या सात पुढे सरकत राहतात, एक गप्प असते आणि तिथे राउंडिंग ०.५ आल्याची एक ओळ. रात्री चाचणी लावून सकाळी नुसतं ‘मशीन चालू आहे’ एवढंच पाहिलं, तर ही ओळ नजरेतून सुटते. बऱ्याच ‘पास’ झालेल्या चाचण्या मुळात अशा न वाचलेल्या असतात.

त्यात मुख्य पर्याय तीन. लहान आकाराची गणितं प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्येच मावतात, मेमरीची वाट पाहावी लागत नाही, म्हणून ती सर्वांत जास्त तापवतात. मोठ्या आकाराची गणितं रॅम आणि मेमरी कंट्रोलर यांना कामाला लावतात. तिसऱ्यात दोन्हींची मिसळ असते. उष्णतेची परीक्षा पहिल्याने घ्यावी, चुकांची बाकीच्या दोघांनी. एकट्या प्राइम९५ वर थांबूही नये. पाय (π) या संख्येचे अब्जावधी अंक काढणारं वाय-क्रंचर वेगळ्या सूचना वापरतं आणि प्राइम९५ मधून सुटलेले काही गडी तिथे पडतात. तिसरं साधन लिनपॅक. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्यात जन्मलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला. तसल्या महासंगणकांची जागतिक क्रमवारी ज्या समीकरणांच्या मोजणीवर लागते, तीच मोजणी घरच्या संगणकालाही घाम फोडते.

रॅमची परीक्षा वेगळी घ्यावी. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये एक्सएमपी चालू केलं की ते मेमरीचं ओव्हरक्लॉकिंगच असतं, हे अनेकांच्या गावीही नसतं. आधी मेमटेस्ट८६ ने रॅम निर्दोष आहे हे पाहायचं, मगच प्रोसेसरला हात लावायचा. नाहीतर चूक कोणाची हे कळत नाही.

आणि हे सगळं करण्यापूर्वी एकदा कंपनीच्याच वेगावर हीच परीक्षा घ्यावी. तिथेच नापास झालं तर पुढे जाण्यात अर्थ नाही. शिवाय प्रत्येक गोठण्याचं खापर आपल्या करामतीवर फोडायचीही गरज नसते. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलचे स्कायलेक प्रोसेसर प्राइम९५ च्या एका विशिष्ट आकाराच्या गणितावर गोठत होते, तेही कंपनीच्या वेगावर. दोष चिपमध्ये होता आणि बायोसच्या अपडेटमधून तो दुरुस्त झाला.

चोवीस तास पास, म्हणजे किती

इथे थोडं संख्याशास्त्र लागतं, आणि ते निराशाजनक आहे. एखादी चूक अवचित, पण सरासरी ठरावीक काळाने होत असेल आणि तुम्ही चोवीस तासांत एकही पाहिली नसेल, तर पंच्याण्णव टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की दोन चुकांमधलं सरासरी अंतर आठ तासांपेक्षा कमी नाही. चाचणीच्या वेळेला तीनने भागायचं, असा हा सोपा नियम. रात्रभर आठ तास चालवलं, तर हमी पावणेतीन तासांच्या आतबाहेर. एक तास चालवलं, तर वीस मिनिटांची.

कोणी म्हणेल, मग आठवडाभर चालवतो. तसंही करू नये. सगळे कोर पूर्ण तापवून दिवसेंदिवस ठेवणं म्हणजे चिपचं आयुष्य चाचणीतच खर्ची घालणं. त्याहून शहाणा मार्ग म्हणजे काठ शोधायचा आणि मागे यायचं. ५.३ वर चुका येतात, ५.२ वर रात्र निघते, तर काम ५.० वर करायचं. वेळ वाढवून मिळणारी खात्री हळूहळू वाढते, पण काठापासून मागे सरकून मिळणारी झपाट्याने, कारण काठाजवळ थोड्याशा फरकानेही चुकांचं प्रमाण प्रचंड बदलतं.

विक्रमवीरांचं जग वेगळं. २०२२ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरने द्रवरूप हेलियमच्या थंडाव्यात नऊ गिगाहर्ट्झ ओलांडले. तिथे मशीन आकडा नोंदवण्यापुरतं उभं राहिलं तरी पुरतं. आपल्याला त्यावर लग्न निपटवायचं असतं.

जानेवारीची रात्र, मेची दुपार

आता अकोल्याकडे. मे २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे होता आणि उष्णतेपायी जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं. कामगारांना पाणी-पंखे द्या, शिकवणीचे वर्ग भर दुपारी घेऊ नका, असा तो आदेश होता. ज्या हवेत माणसांसाठी एवढं करावं लागतं, तीच हवा ओढून प्रोसेसरचा पंखा प्रोसेसर थंड करू पाहतो.

हिशेब साधा आहे. पंखा तोच, हीटसिंक तोच, काम तेच, तर प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर राहतो हा फरक साधारण कायम असतो. जानेवारीत खोली १८ अंशांवर, प्रोसेसर ७८ वर, म्हणजे फरक ६०. मेमध्ये खोली ४२ वर गेली की बेरीज १०२ येते. प्रत्यक्षात ती आणखी थोडी जास्त निघते, कारण तापलेल्या चिपमधून वीज गळते आणि त्या गळतीने ती अजून तापते. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास, तर एएमडीच्या रायझन ७००० ची ९५. मर्यादा आली की प्रोसेसर जळत नाही, स्वतःच वेग पाडतो.

इथेच फसगत होते. मेमधली चाचणी कधीकधी सहज पास होते, कारण ती ५.२ वर चाललेलीच नसते. प्रोसेसर ४.६ वर उतरून निवांत गणितं सोडवत असतो. म्हणून चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे बघायचे, तापमान आणि प्रत्यक्ष वेग. वेग घसरलेला दिसला तर तो निकाल रद्द समजायचा.

तर आमच्याकडे ही परीक्षा घ्यायचा मुहूर्त ठरलेला आहे: नवतपा. २५ मेपासूनचे ते नऊ दिवस. उष्णतेपुरतं बोलायचं तर तेव्हा टिकलं ते वर्षभर टिकेल. वेळही खोली पाहून ठरवावी. टिनाच्या खोलीत दुपारी दोन ते चार कठीण. स्लॅबच्या घरात मात्र दिवसभर तापलेला स्लॅब दिवस मावळल्यावर खाली उष्णता ओतू लागतो, तिथे संध्याकाळी सात-आठची वेळ जास्त छळते. जुन्या मातीच्या जाड भिंतींच्या धाब्याच्या घरात मशीन असेल, तर त्या नशीबवानाला फार चिंता नको.

कूलर बंद करून

वाळ्याच्या किंवा गवताच्या ताटीचा कूलर वऱ्हाडातल्या कोरड्या उन्हाळ्यात खोली झकास थंड करतो आणि संगणकालाही त्याचा फायदा होतो. प्रोसेसर खोलीपेक्षा गरम असल्यामुळे त्यावर दव धरत नाही. मशीन कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नये. तुषार उडतात आणि खारं पाणी वाळून मागे पांढरा थर राहतो.

पण चाचणी कूलर चालू ठेवून घेतली, तर ती कूलरची चाचणी झाली. पंप अडकतो, टाकीतलं पाणी संपतं, लाइन जाते आणि इन्व्हर्टरवर फक्त संगणक राहतो. खोली तासाभरात चढते. शेवटचे दोन तास तरी कूलर बंद ठेवून काढावेत. आपण हवं तर बाहेर बसावं.

त्याआधी हीटसिंक उघडून पाहायचा. अकोला कापसाचं गाव आहे आणि हंगामात हवेतून तंतू फिरतात. हीटसिंक वरवर पाहिला तर स्वच्छ दिसतो, कारण घाण पंख्याच्या मागे असते. पंखा काढा, म्हणजे पात्यांच्या तोंडाशी राखाडी थर सापडेल, गोधडीत दाबून बसलेल्या कापसासारखा घट्ट. फुंकर मारून तो उडत नाही, चिमटीत धरून पट्टीसारखा ओढून काढावा लागतो. तो काढल्यावर तापमान जितकं उतरतं, तितकं भारीतली थर्मल पेस्ट लावूनही बहुधा उतरत नाही. पेस्टही दोन-तीन वर्षांत सुकते, तेव्हा हात घातलाच आहे तर तीही बदलून घ्यावी.

रिकाम्या बसलेल्या मशीनची परीक्षा

सगळे कोर तापवणाऱ्या चाचणीतून एक दोष हमखास निसटतो. आजचे प्रोसेसर सर्वांत वरचा वेग तेव्हा गाठतात, जेव्हा एकाच कोरवर हलकं काम असतं. पूर्ण भार आला की सगळ्यांचाच वेग खाली येतो. म्हणजे जोराच्या परीक्षेत वरचा वेग तपासलाच जात नाही. रायझनमध्ये प्रत्येक कोरचं व्होल्टेज वेगवेगळं कमी करता येतं, आणि तिथे हे फार दिसतं: रात्रभर प्राइम९५ पास, सकाळी ब्राउझर उघडताना रीस्टार्ट.

यावर कोरसायकलरसारखं साधन एकेका कोरला आळीपाळीने काम देतं आणि कोणता कोर कच्चा आहे हे नेमकं सांगतं. त्याशिवाय मशीन नुसतंच चालू सोडून पाहावं, झोपवून उठवावं, डिसेंबरात पहाटे पूर्ण गार असताना सुरू करून पाहावं. कमी व्होल्टेजवर काही चिपा थंडीतच अडखळतात. गरम झाल्या की सुतासारख्या चालतात.

लाइन गेली की ओव्हरक्लॉक गेला

मशीन आपोआप रीस्टार्ट झालं की जुन्या शहरात पहिला संशय लाइनवर जातो, आणि तो चुकीचा नाही. विजेचा झोका सेकंदाच्या साठाव्या भागाइतका टिकला तरी साधा पॉवर सप्लाय हात टेकतो. पण अंदाज करत बसायची गरज नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद मशीन अचानक बंद पडलं एवढंच सांगते, कारण सांगत नाही. तिच्या आजूबाजूला व्हिया-लॉगर या नावाची नोंद असेल, तर बोट हार्डवेअरकडे जातं. क्रमांक १८ म्हणजे जीवघेणी चूक, तर १९ म्हणजे झालेली आणि जागेवर सुधारलेली चूक. मला १९ ची नोंद जास्त मोलाची वाटते. मशीन अजून पडलेलं नसतं, पण कुरकुर सुरू झालेली असते. चाचणी पास होऊनही अशा नोंदी साठत असतील, तर ती पास धरू नये.

यूपीएस नसताना लांब चाचणी लावूच नये. निकाल लागला तरी तो कोणाचा लागला हे कळणार नाही.

आज पास, दोन वर्षांनी नापास

चिप झिजते. तिच्या आतल्या सूक्ष्म तारांतून वीज वाहताना धातूचे अणू हळूहळू सरकतात, कुठे तार बारीक होते, कुठे फुगवटा येतो. मोटोरोलाचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात याचं समीकरण बसवलं. वीजप्रवाह वाढला की आयुष्य घटतं आणि तापमान वाढलं की फारच झपाट्याने घटतं. ट्रान्झिस्टरही सतत व्होल्टेजखाली राहून सुस्तावतात. परिणाम असा की काल जो वेग १.२५ व्होल्टवर निभत होता, त्याला काही वर्षांनी १.२८ लागतात.

पेंटियम ४ च्या काळात नॉर्थवुड चिपांना १.७ व्होल्टच्या पुढे नेणाऱ्यांनी हे पाहिलं. चांगल्या चाललेल्या चिपा एके दिवशी अचानक मरायच्या. अलीकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या श्रेणीचे डेस्कटॉप प्रोसेसर कंपनीच्या वेगावरच अस्थिर होऊ लागले. गेम उघडताना ग्राफिक्स मेमरी पुरत नाही असा भलताच संदेश यायचा आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतला भाग झिजत होता. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड बदलून १.५५ व्होल्टची वेसण घातली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते मात्र अपडेटने बरे झाले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीच्या काही रायझन ७००० थ्रीडी चिपा जळाल्या होत्या. तिथे चिपमधल्या एसओसी या भागाचं व्होल्टेज १.३ वर रोखावं लागलं.

या प्रकरणांनंतर माझ्या लेखी तापमानाइतकंच व्होल्टेजवर लक्ष ठेवणं गरजेचं आहे. मदरबोर्डच्या ‘ऑटो’ सेटिंगवर विसंबू नये, ती हात सैल सोडून व्होल्टेज वाढते. आणि एकदा पास झालेल्या मशीनची परीक्षा दरवर्षी घ्यावी, एका वहीत तारीख, खोलीचं तापमान, व्होल्टेज, वेग आणि प्रोसेसरचं तापमान अशा पाच नोंदींसकट. खोलीचं तापमान लिहिलं नसेल, तर बाकीचे चार आकडे पुढच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडता येत नाहीत.

मेमध्ये नापास झालं तर

हात आपसूक व्होल्टेज वाढवण्याकडे जातो. हिवाळ्यात ते चालून जातं. उन्हाळ्यात मात्र व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते आणि उष्णतेने चुका वाढतात. आधी वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ खाली आणायचा.

खरं विचाराल तर इथल्या हवेला उलटी करामत जास्त मानवते. वेग कंपनीचाच ठेवून व्होल्टेज थोडं उतरवायचं किंवा बायोसमधून विजेची मर्यादा खाली आणायची. एएमडीने रायझन ७९५०एक्स सारख्या १७० वॅटच्या प्रोसेसरलाही १०५ आणि ६५ वॅटचा इको मोड दिला आहे. ६५ वर वीज निम्म्याहून खाली येते, काम त्या प्रमाणात मुळीच घटत नाही, कारण शेवटच्या थोड्या वेगासाठीच सर्वांत जास्त वीज जळत असते. मेच्या दुपारी गुदमरून वेग पाडणाऱ्या मशीनपेक्षा असं बांधलेलं मशीन कधीकधी पुढेही निघतं. व्होल्टेज उतरवणं हेही काठाजवळ जाणंच आहे, तेव्हा प्राइम९५, कोरसायकलर, कूलर बंद, वहीतल्या नोंदी हे सगळं त्यालाही लागू. फक्त त्याची कठीण वेळ नवतप्यात नसते. ती बहुधा डिसेंबरात, पहाटे मशीन सुरू करताना येते.